पायावरचे केस काढायचे का? रेस करणाऱ्या पुरुषांना प्रश्न, आणि काढायचे तर कसे

सकाळची_फेरी:

मंडळी प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे नाही विचारणार तर कुठे विचारणार. गेलं वर्षभर एका ग्रुपबरोबर रोड बाईक चालवतोय, आता पहिल्यांदाच टाइम ट्रायलला (एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची रेस) नाव दिलंय, ४० किमी, सगळा सपाट रस्ता. ग्रुपमधले जे खरंच रेस करतात त्या सगळ्यांचे पाय एकदम गुळगुळीत, पोटरीवर औषधाला केस सापडणार नाही, आणि परवा राइड संपल्यावर त्यांनी मला घेरलंच की आता रेस करणार ना, मग हे जंगल उतरव. का म्हणून विचारलं तर एक म्हणे वारा अडतो, दुसरा म्हणे एकदा आपट मग कळेल, तिसरा नुसता हसला आणि म्हणाला अरे सगळेच काढतात. तिघांची तीन उत्तरं ऐकल्यावर मला शंका यायला लागली की खरं कारण कोणालाच माहीत नाहीये.

बायकोला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग तिने बजावलं की माझ्या रेझरला हात लावलास तर बघ.

तर मला सरळ सांगा, यात वेळेचा काही फायदा असतो का की नुसती शायनिंग? आणि काढायचे ठरवलेच तर कशाने, कुठपर्यंत, आणि नंतर ते दुप्पट जाड होऊन परत येतात असं म्हणतात ते खरं का? मी दाढीसुद्धा ट्रिमरने करतो, रेझरची सवय नाही, आणि माझी स्किन थोडी सेन्सिटिव्ह आहे हेही सांगून ठेवतो.

---

वाऱ्याचा_हिशोब:

तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत. मी फक्त वाऱ्याचं बोलतो, बाकीचं बाकीचे सांगतीलच.

बरीच वर्षं असंच धरून चालायचे की केसांनी वाऱ्यात काडीचा फरक पडत नाही. त्याला आधार होता १९८७ सालच्या एका चाचणीचा, चेस्टर काइल म्हणून सायकलच्या एरोडायनॅमिक्समधले मोठे जाणकार, त्यांनी पायाचं मॉडेल विंड टनेलमध्ये (जोराचा वारा सोडून मोजायचा बोगदा) ठेवून केसांसकट आणि केसांशिवाय असं मोजलं होतं. ड्रॅगमधला, म्हणजे वाऱ्याच्या अडथळ्यातला फरक आला ०.६ टक्के, म्हणजे ताशी ३७ किमीने ४० किमी गेलात तर साधारण ५ सेकंद. पाच सेकंदांसाठी कोण एवढा उपद्व्याप करणार, म्हणून विषय तिथेच मिटला.

मग २०१४ मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या विंड टनेलमध्ये खऱ्या सायकलस्वारांना बसवून तेच मोजलं, आधी केसाळ पाय, मग तिथेच काढून परत. एकूण सहा जण. ४० किमीच्या हिशोबाने कोणाचे ५० सेकंद वाचले तर कोणाचे ८२ पर्यंत. एवढा मोठा आकडा कोणालाच अपेक्षित नव्हता. आता ही कंपनीची चाचणी आहे, माणसं सहाच, रीतसर शोधनिबंध वगैरे नाही, त्यामुळे ८२ हा आकडा छातीवर गोंदवून घेऊ नकोस. पण मोजणारे लोक रोज हेच काम करणारे होते आणि सहाच्या सहा जणांमध्ये फरक एकाच बाजूला आला, त्यामुळे "काहीच होत नाही" असंही आता म्हणता येत नाही.

५ सेकंद आणि ५० ते ८२ सेकंद यात एवढी तफावत बघून लोक म्हणतात कोणाचं तरी गणित चुकलंय. गणित दोघांचं बरोबर बसतं, मोजलेला ड्रॅगच वेगळा आलाय. सपाट रस्त्यावर रेसच्या वेगाला तुझी जवळजवळ सगळी ताकद वारा ढकलण्यात जाते आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर पॉवर आठपट. हेच उलटं धरलं तर ड्रॅग १ टक्का कमी केल्याने वेग जेमतेम ०.३ टक्के वाढतो. तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये ते झाले दहा-बारा सेकंद. ०.६ टक्क्याला सहा-सात सेकंद, सहा-सात टक्क्यांना सत्तरच्या आसपास. एकीकडे मॉडेलचा पाय आणि दुसरीकडे पेडल मारणारा जिवंत माणूस, फरक येणारच.

अजून एक, लोक हमखास म्हणतात की हे फक्त प्रो लोकांसाठी, आपण हळू जाणारे. उलट आहे. हळू जाणारा माणूस रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतराला त्याचे वाचणारे सेकंद प्रोपेक्षा कमी नसतात, थोडे जास्तच भरतात. फक्त वेग इतका कमी नको की वाऱ्यापेक्षा टायरचं घर्षणच जास्त. आणि ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे लपून चालवत असशील किंवा घाट चढत असशील तर विसर, तिथे हा फायदा आटतो. तुझी टाइम ट्रायल आहे, एकटा, सपाट रस्ता, म्हणजे केस काढण्याचा सगळ्यात जास्त उपयोग होणारी जी एकमेव परिस्थिती आहे तीच तुझी आहे.

---

लांबपल्ला:

आला परत हा धागा 😄 दरवर्षी कोणीतरी उघडतोच.

मी दोनशे-तीनशे-सहाशे किलोमीटरच्या राइड करतो, पाय जसे जन्मापासून आहेत तसेच आहेत, आणि आजपर्यंत एकाही कंट्रोल पॉइंटवर कोणी मला केसांवरून अडवलेलं नाही. वर हिशोब दिलाय तो ठीक आहे पण मला एक सांगा, ज्या माणसाचं पोट सायकलच्या आडव्या दांडीला टेकतंय, जर्सी वाऱ्याने फुगून झेंडा झालीये, हँडलबारवर सरळ बसून चालवतोय, तो पायाचे केस काढून काय मिळवणार? आधी कोपर वाकव, डोकं खाली घे, अंगाला चिकटणारी जर्सी घाल. हे सगळं करून झालं की मग केसांचा नंबर.

आणि ते पडल्यावर जखम साफ करायला सोपं जातं म्हणतात ना, त्याचं मला कायम हसू येतं. घसरून पडलेल्या माणसाचं काय सोलवटतं? कोपर, खांदा, कमरेच्या खालचं हाड, तळहात. मग हाताचे केस का नाही काढत हे लोक? खरं कारण एकच, सगळे काढतात म्हणून आपण काढायचे, म्हणजे आपण पण त्यातले वाटतो. त्यात वाईट काही नाही पण तसं सरळ म्हणा ना, जखमेच्या आड कशाला लपता.

---

मलमपट्टी:

@लांबपल्ला हाताचे काढणारे पण आहेत, टाइम ट्रायलवाले तर सर्रास काढतात. पण तुमचा मुद्दा अर्धा मान्य. मी कॅज्युअल्टीत काम करतो आणि सायकलही चालवतो, त्यामुळे जखमेच्या बाजूने थोडं सांगतो कारण यावर फार काय काय पसरवलं जातं.

पहिलं, केस काढल्याने जखम होत नाही किंवा लवकर भरते असं काही नाही. कातडी तेवढीच सोलवटते. फायदा आहे तो साफ करण्यात आणि पट्टी काढण्यात. रोड रॅशमध्ये, म्हणजे रस्त्यावर घासून सोलवटलेल्या जखमेत, बारीक खडी, माती, डांबराचे कण कातडीत रुततात आणि ते सगळे काढावे लागतात, नाहीतर त्यावरच कातडी भरून येते आणि तिथे निळा-काळा डाग कायमचा राहतो, गोंदल्यासारखा. वाहत्या पाण्याखाली ओल्या गॉजने घासून काढताना रक्ताने चिकटलेले केस मधे आले की जास्त वेळ घासावं लागतं आणि पेशंट जास्त ओरडतो. मग पट्टी. मोठ्या सोलवटलेल्या भागाला हल्ली चिकटणारं फिल्म किंवा हायड्रोकोलॉइड ड्रेसिंग लावतात, कारण जखम कोरडी पडू न देता ओलसर ठेवली तर लवकर भरते, १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर हे दाखवलं तेव्हापासून हे माहीत आहे (उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे हे घरोघरी सांगतात ते विसरा). ही ड्रेसिंग केसाळ कातडीवर नीट चिकटत नाहीत, कडा सुटतात, आणि काढताना केसांसकट येतात. ज्याने केसाळ मांडीवरून असं ड्रेसिंग काढून घेतलंय तो दुसऱ्या दिवशी आपणहून रेझर आणतो.

आता दुसरी बाजू, जी सायकलवाले कधी सांगत नाहीत. रेझरने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक छेद जातात आणि त्यातून जंतू आत शिरतात. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी केस काढायला आम्ही रेझर वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्टच लिहिलंय की ऑपरेशनआधी केस काढूच नका, अगदीच गरज असेल तर क्लिपरने कापा, रेझर नको. त्यामुळे "केस काढणं जास्त हायजिनिक" हे वाक्य मला पटत नाही. केसतूड घेऊन येणारे सायकलवाले मी पाहिलेत, बोथट रेझर, घामट बिब शॉर्ट (खांद्याला पट्टे असलेली सायकलची घट्ट चड्डी), आणि मग मांडीवर पुळ्याच पुळ्या.

म्हणून जखमेसाठीच करायचं असेल तर ट्रिमरने बारीक केले तरी काम भागतं, गुळगुळीत करायची गरज नाही. डायबेटिस असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा कापलेल्या जागी जाड वण उठायची सवय असेल तर रेझर लांबच ठेवा. आणि विषय निघालाच आहे तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा, माती गेलेली जखम असेल आणि मधे पाच वर्षांपेक्षा जास्त काळ गेला असेल तर परत द्यावं लागतं.

---

सकाळची_फेरी:

बापरे एवढं सविस्तर, थँक्यू सगळ्यांना. @वाऱ्याचा_हिशोब एक बाळबोध शंका, गोल्फच्या चेंडूवर खड्डे असतात म्हणून तो लांब जातो ना? मग खरखरीत केसाळ पाय उलट जास्त वेगात जायला हवा!

---

वाऱ्याचा_हिशोब:

बाळबोध नाही, चांगली शंका आहे, आणि महागडे टाइम ट्रायल सूट याच तत्त्वावर बनतात. पाय म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने एक गोल खांबच. वारा खांबाच्या दोन्ही बाजूंनी वळून मागे जाताना पृष्ठभाग सोडतो आणि मागे भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो, तो जितका रुंद तितका ड्रॅग जास्त. पृष्ठभाग योग्य जागी, योग्य तेवढा खरखरीत असला तर पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर आधीच खवळतो आणि जास्त मागेपर्यंत चिकटून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो. म्हणून त्या सूटच्या बाह्यांवर आणि एरो मोज्यांवर बारीक रेघा असतात. उंच मोज्यांचा फायदा एवढा दिसायला लागला की यूसीआयने (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) मोजे किती वर ओढायचे याचा नियम केला, घोटा आणि गुडघा यांच्या निम्म्याच्या वर नाही.

पण केस हे "योग्य जागी योग्य तेवढं" नसतं. ते वेडेवाकडे, मऊ, वाऱ्यात हलणारे, सगळीकडे पसरलेले. हलण्यात ऊर्जा खातात आणि थराची जाडी वाढवतात. म्हणजे केस काढून त्यावर एरो मोजे, हे झालं शास्त्रशुद्ध. यूसीआयचा केसांबद्दल मात्र काहीही नियम नाही, वाट्टेल तेवढे ठेवा.

---

चढणवेडा:

लांबपल्ला बोलला ते कडू असलं तरी खरं आहे, ही मुख्यतः टोळीची खूण आहे. मी रेस करायचो तेव्हा स्टार्ट लाइनला उभं राहिल्यावर आपोआप आजूबाजूच्यांच्या पायांकडे नजर जायची, आणि केसाळ पायवाला दिसला की त्याच्या मागच्या चाकाला चिकटायचं नाही, हा नवखा, कधी लाइन सोडेल सांगता येत नाही, असं सगळेच मनात धरायचे. अन्याय आहे, पण होतं असं. २०१६ च्या जानेवारीत पीटर सागान, जगज्जेता, इंद्रधनुषी जर्सी अंगावर, अर्जेंटिनातल्या सान लुइसच्या रेसला केसाळ पायांनी आला तर सायकल जगतात आठवडाभर तीच चर्चा, जणू माणूस चप्पल घालून आलाय. जगज्जेत्याला चालतं म्हणा, त्याचं मागचं चाक सोडायची कोणाची हिंमत.

मसाजचा मुद्दा कोणीच काढला नाही. स्टेज रेसमध्ये (बरेच दिवस चालणारी, रोज एक टप्पा) रोज संध्याकाळी मसाज असतो, तेल लावून जोरात पोटऱ्या चोळतात, आणि केस असले की ते मुळापासून ओढले जातात, दुसऱ्या दिवशी त्या जागी लाल पुरळ. मसाज करणाऱ्यालाही त्रास. रोज मसाज घेणाऱ्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे, बाकी वारा बिरा नंतर. पण आपल्यातल्या किती जणांना रोज मसाज मिळतो हा वेगळा प्रश्न. सनस्क्रीन लावणं, चिखल धुणं, थंडीत गरम पडणारं क्रीम चोळणं हे पण सोपं जातं. ही सगळी छोटी छोटी कारणं, एकेक घेतलं तर कोणी रेझर उचलणार नाही.

आणि एक निव्वळ मानसिक गोष्ट सांगतो, हसू नका. पहिल्यांदा काढून बाहेर पडलास की वारा पायाला वेगळाच लागतो, केसांच्या मुळाशी जे सेन्सेशन असतं ते बदलतं म्हणून असेल, पण पाय नवे वाटतात आणि माणूस उगाचच जोरात पेडल मारतो. शिवाय स्नायूंच्या रेषा दिसायला लागतात. आरशात बघून खूष होतो माणूस, आता खोटं कशाला बोलू.

---

तीन_खेळ_एक_मोजा:

इथे सगळे पुरुष मिळून रेझरचा नव्याने शोध लावल्यासारखं बोलताय, मजा येतेय वाचायला 😂 मी ट्रायथलॉन करते, आणि हे काम तुमच्या कितीतरी आधीपासून करतेय, त्यामुळे "कसे" या भागाचं उत्तर मीच देते.

सगळ्यात महत्त्वाचं, @सकाळची_फेरी, पहिल्यांदा करताना रेसच्या आदल्या रात्री करू नकोस. निदान दहा-बारा दिवस आधी कर. पहिल्यांदा कातडी चिडतेच, पुरळ येतं, खाज येते, कुठेतरी कापतं, ते सगळं निस्तरायला वेळ हवा. मग रेसच्या एक-दोन दिवस आधी नुसता एक हात फिरवायचा.

आधी ट्रिमरने जेवढे बारीक होतील तेवढे कर, कोरड्यावर, आणि बाथरूमच्या बाहेर, जमिनीवर पेपर पसरून. हे न करता थेट रेझर फिरवणाऱ्याचं रेझर दोन मिनिटांत केसांनी भरतं, ड्रेन तुंबतो, आणि मग घरात जो आवाज येतो तो केस काढल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो. मग कोमट पाण्याने अंघोळ, पाच-दहा मिनिटं पाय भिजू दे, केस मऊ पडतात. त्यावर फोम किंवा जेल, नसेल तर केसांचा कंडिशनर चालतो, उलट बराच चालतो. साबण नको, कोरडं पडतं. कोरं रेझर घे आणि दाबू नकोस, दाबलं की कापलंच, नुसतं वजनाने फिरू दे, प्रत्येक दोन ओढींनंतर पाण्यात हलवून घे. सेन्सिटिव्ह स्किन म्हणालास म्हणून पहिल्या वेळी केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने ओढ, वरून खाली. तेवढं गुळगुळीत होणार नाही पण पुरळ कमी येईल. उलट्या दिशेने नंतर, कातडीला सवय झाली की.

कापतं कुठे तर नडगीच्या हाडावर, गुडघ्याच्या वाटीवर, घोट्याच्या हाडांवर आणि टाचेच्या वरच्या त्या जाड शिरेवर. गुडघा वाकवून वाटीवरची कातडी ताणून घ्यायची, आणि गुडघ्यामागच्या लवणीत मात्र पाय सरळ करून. घोट्यापाशी पाऊल वर-खाली करून कातडी ताणली जाते का बघ. घाई करायची नाही, पहिल्या वेळी अर्धा तास सहज जातो.

झालं की गार पाणी, टिपून कोरडं कर, घासू नकोस, आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. आफ्टरशेव लावायचा मोह होईल, दोन्ही पायांवर अल्कोहोल म्हणजे नाचशील. त्याच दिवशी ते थंडीचं गरम क्रीम पण नाही. रात्री काढ, सकाळी चालव, मधे कातडीला थोडा वेळ मिळतो. दोन-तीन दिवसांनी खडबडीत कापडाने हलकेच घासत जा म्हणजे केस आतल्या आत वळत नाहीत. वळलाच तर नखाने उकरायचं नाही, सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला लोशन मिळतो तो लाव. रेझर कोणाबरोबर शेअर करायचा नाही, बायकोचं बरोबर आहे.

जाड होऊन परत येतात हे खोटं. १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी तपासून दाखवलंय की काढल्याने केसाचा रंग, जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच.

आणि पोहण्यात तर हे कधीचंच सिद्ध आहे. १९८९ मध्ये शार्प आणि कॉस्टिल यांनी पोहणाऱ्यांवर बघितलं, अंगावरचे केस काढल्यावर त्याच वेगाला रक्तातलं लॅक्टेट (मेहनत वाढली की वाढणारं) कमी आलं आणि एका स्ट्रोकमध्ये जास्त अंतर कापलं गेलं. पाण्यात पटतं आणि हवेत पटत नाही असं का असावं मला कळत नाही.

---

सकाळची_फेरी:

ताई हे सेव्ह करून ठेवलंय. पण मूळ प्रश्न राहिलाच, थांबायचं कुठे? आणि क्रीम किंवा वॅक्सने काम लवकर होत नाही का, अर्धा तास उकिडवं बसायचं म्हणजे माझा गुडघाच धरेल.

---

चढणवेडा:

शॉर्टच्या कडेच्या चार बोटं वर. बरोब्बर कडेला थांबलास तर शॉर्ट जरा वर सरकली की खाली गुळगुळीत आणि वर एकदम झुडूप, फार वाईट दिसतं. वर जाताना ट्रिमरची जाडी वाढवत नेलीस तर रेघ दिसत नाही.

क्रीमचं म्हणशील तर काम पटकन होतं पण ते केसातलं प्रथिनच विरघळवणारं रसायन असतं, कातडीही शेवटी त्याच जातीच्या प्रथिनाची. आधी पोटरीवर छोट्या जागी लावून एक दिवस थांब. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत त्यापेक्षा एक मिनिटही जास्त नाही, आणि खरचटलेल्या जागेवर अजिबात नाही. वॅक्सला केस साधारण अर्धा सेंटिमीटर तरी वाढलेले लागतात, नंतर तीन-चार आठवडे बघायला नको, पण पहिल्यांदा दुखतं म्हणजे दुखतं, आणि मधल्या काळात केस वाढू द्यावे लागतात, ते नेमके रेसच्या आठवड्यात आले की बोंब. एपिलेटर (केस उपटणारं मशीन) आहे, तो म्हणजे हप्त्याहप्त्याने भोगायचं वॅक्स. मी सगळं करून शेवटी रेझरवरच आलो.

---

मलमपट्टी:

कुठे थांबायचं यात एक भर, आणि ही गंमत नाही. सीटला जो भाग टेकतो तिथे रेझर, क्रीम, वॅक्स काहीही नेऊ नका. तिथले केस घर्षण आणि घाम यांच्यामधला थर म्हणून काम करतात. काढले की आत वळलेले केस, पुळ्या, आणि त्यावर तासन्‌तास बसायचं, म्हणजे सॅडल सोअरला (सीटच्या जागी होणारे फोड आणि जखमा) आमंत्रण. ब्रिटनच्या महिला सायकलपटूंना २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी सॅडलच्या दुखण्यांचा त्रास होत होता तेव्हा त्यांच्या वैद्यकीय टीमने दिलेल्या सल्ल्यांमध्ये हाच होता, त्या भागातले केस काढणं बंद करा. पुरुषांना वेगळा नियम नाही.

---

लांबपल्ला:

एवढं सगळं वाचून माझा निर्धार अजून पक्का झालाय 😄 पण @सकाळची_फेरी तुला खरंच सांगतो, टाइम ट्रायल आहे तर कर एकदा, तुझं ते एक मिनिट तू घे. फक्त त्या ग्रुपवाल्यांच्या दबावाखाली करू नकोस, आणि केल्यावर उद्या माझ्यासारख्याला उपदेश करायला येऊ नकोस.

---

सकाळची_फेरी:

ठरलं. या शनिवारी ट्रिमर, तो ठीक वाटला तर रविवारी रात्री रेझर, केसांच्या दिशेनेच. रेसला अजून तीन आठवडे आहेत म्हणजे पुरळ आलं तरी वेळ आहे. शेवटचा प्रश्न, रेस झाल्यावर सोडून द्यायचं ठरवलं तर? ते खुंट टोचतात म्हणे.

---

तीन_खेळ_एक_मोजा:

टोचतात. पहिले दोन आठवडे पँटच्या आत खाजतं, चादरीला अडकल्यासारखं होतं, आणि शेजारी झोपणारं माणूस तक्रार करतं. मॉइश्चरायझर लावत राहा आणि तेवढे दिवस मऊ सैल पँट घाल. टोकं वाढून मऊ पडायला महिना जातो. डोक्यासारखे ते वाढतच राहत नाहीत, पायाच्या केसांचा वाढायचा काळ छोटा असतो, ठरावीक लांबीला येऊन थांबतात, त्यामुळे आधी होतं तेवढंच जंगल परत येईल, त्याहून दाट नाही. अगदीच असह्य झालं तर रेझर नको, ट्रिमरला तीन मिलिमीटरचा गार्ड लावून फिरव आणि सोडून दे.

---

वाऱ्याचा_हिशोब:

आणि रेसच्या आधी एकदा केसांसकट त्याच रस्त्यावर, त्याच पॉवरला टाइम घेऊन ठेव, मग काढल्यावर परत. वारा दोन्ही दिवशी सारखा नसणार म्हणून एका दिवसावर विश्वास ठेवू नको, जाऊन-येऊन चालव म्हणजे समोरचा आणि मागचा वारा बराचसा कापला जातो. टायरचं प्रेशर आणि कपडे तेच ठेव. आकडे आले की इथेच टाक.